ॲपर्चर ठरवण्याआधी अंतर बघा: डेप्थ ऑफ फील्ड कशी सांभाळावी

डेप्थ ऑफ फील्ड म्हणजे फोटोत पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट येतो तो. कॅमेरा ‘ए’ किंवा ‘एव्ही’ मोडवर घ्या; त्यात ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, तुम्ही ठरवता आणि शटरचा वेग कॅमेरा. एवढीच तयारी.

‘आकडा मोठा तर भोक लहान’ हे घोकत बसू नका. एफ/८ हा साधा भागाकार आहे: फोकल लेंथ भागिले ८. ५० मिमीच्या लेन्सवर एफ/२ म्हणजे २५ मिमी व्यासाचं भोक, एफ/८ म्हणजे सव्वासहा मिमीचं. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या ओळीत एक घर पुढे सरकलात की प्रकाश निम्मा. आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदना) तोच ठेवला तर एफ/२ ला १/१००० सेकंद पुरणारा शटर एफ/८ ला १/६० वर येतो. चालता माणूस तिथे फोटोत हललेला दिसणारच.

आता खरी अडचण. ‘मागचं धूसर हवंय? लेन्स पूर्ण उघडा’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि त्यातूनच नाक स्पष्ट, डोळे पुसट असे फोटो निघतात. कॅमेऱ्यापासून माणसाचं अंतर दुप्पट झालं की डेप्थ साधारण चौपट होते, हे कुणी सांगत नाही. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ५० मिमी, एफ/१.८ घेऊन दीड मीटरवर फोकस केलात तर जेमतेम १० सेंमी स्पष्ट येतं. तीन मीटरवर ३९ सेंमी. ८५ मिमीने दीड मीटरवर फक्त ३ सेंमी! समोरच्याने मान जरा तिरकी केली की दुसरा डोळा गेला. जवळून चेहरा टिपताना एफ/२.८ पेक्षा लहान आकड्यावर जाऊच नका. धूसरपणा हवा तर माणसाला भिंतीपासून तीन-चार मीटर पुढे आणा, तो उपाय भरवशाचा.

मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस लॉक करून मग कॅमेरा फिरवायची सवय असेल तर ती मोडा. दीड मीटरवर कॅमेरा १५ अंश वळवलात की फोकसची पातळी डोळ्यामागे सुमारे ५ सेंमी सरकते, आणि ५० मिमी, एफ/१.८ च्या त्या १० सेंमीतली तुमच्या वाट्याला आलेली मागची-पुढची बाजूही तेवढीच आहे. फोकस बिंदूच उचलून डोळ्यावर ठेवा.

‘स्पष्ट भाग पुढे एक तृतीयांश, मागे दोन तृतीयांश’ हाही अर्धवट नियम. जवळून तो जवळपास निम्मा-निम्मा असतो. लांब जाल तसा मागचा वाढतो. दोन रांगांच्या ग्रुपसाठी ५० मिमी, एफ/५.६ लावून तीन मीटरवरच्या पुढच्या रांगेवर फोकस करा: अडीच ते पावणेचार मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. मागची रांग ६० सेंमीवर असली तरी आत बसते.

निसर्गदृश्याला २४ मिमी, एफ/८, फोकस अडीच मीटरवर. सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत काम झालं. एफ/२२ चा मोह नको. इतक्या लहान भोकातून प्रकाश पसरतो आणि अख्खा फोटोच मऊ पडतो.

डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरवर विसंबू नका. त्यातून बघताना लेन्स पूर्ण उघडी असते. डेप्थ प्रिव्ह्यूचं बटण (लेन्स निवडलेल्या ॲपर्चरवर आणणारं) दाबून बघा, नाहीतर फोटो काढून स्क्रीनवर डोळ्यापाशी पूर्ण झूम करा; अख्खा फोटो छोट्या स्क्रीनवर नेहमीच स्पष्ट दिसतो.