गालिच्यावर गालिचा: आधी खालचा ठरवा

दोन गालिचे एकावर एक टाकायचे म्हटलं की आपली नजर आधी वरच्या, देखण्या गालिच्यावर जाते. माझं म्हणणं, सुरुवात खालच्यापासून करा. मी पहिल्यांदा उलटं केलं होतं. दाट लवेच्या मऊ गालिच्यावर पातळ किलीम, म्हणजे बिनलवेचा सपाट विणलेला गालिचा, टाकला. आठवड्याभरात त्याला मधोमध घड्या पडल्या आणि दर दोन दिवसांनी तो वीतभर सरकलेला असायचा. गालिच्याची लव एका बाजूला झुकलेली असते. वर पाऊल पडलं की ती किलीमला थोडं थोडं त्याच बाजूला ढकलत राहते.

म्हणून खाली सपाट विणीचंच हवं: तागाचा किंवा सिसलचा (घायपातीसारख्या झाडाच्या धाग्याचा) गालिचा, नाहीतर जाड सुती सतरंजी. शक्यतो एकरंगी. भिंतीलगत ३० ते ४५ सेंटिमीटर जमीन मोकळी राहील एवढा मोठा घ्या आणि सोफ्याचे निदान पुढचे पाय त्यावर येऊ द्या.

वरचा साधारण दोन-तृतीयांश मापाचा. खालचा ८ बाय १० फूट असेल तर वर ५ बाय ८ छान दिसतो, चारही बाजूंनी खालच्याची चौकट उरते. चौकट अगदीच बोटभर राहिली तर खालचा डाग झाकायला वरचा टाकलाय असं वाटतं. विकत घेण्याआधी वर्तमानपत्रं जोडून त्या मापाचा कागद जमिनीवर अंथरा आणि दोन दिवस तसाच वावर करा. असं करून पाहिलं की मी ठरवलेली गालिच्याची जागा तर दर वेळी बदलते. नक्षीदार, लवदार, रंगीत जे काही आवडतं ते इथे वापरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझी आई वॉकर घेऊन चालते. तिच्या पलंगापासून दारापर्यंतच्या वाटेवर मी एकही गालिचा ठेवलेला नाही. दोन थर फक्त बसायच्या कोपऱ्यात आहेत. घरात वयस्कर माणूस किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल असेल तर तुम्हीही वाट मोकळी सोडा. दुमडणारे कोपरे दुहेरी चिकटपट्टीने खाली बसवा. दोन्ही गालिचे आणि गालिच्याखाली घालायचं अस्तर मिळून जाडी किती होते ते मोजा, दार त्यावरून फिरलं पाहिजे. जेवणाच्या टेबलाखाली दोन थर नकोतच, खुर्च्या अडकतात.

अस्तर दोन ठिकाणी लागतं. जमिनीवर फेल्ट-रबराचं, गालिच्यापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर लहान. आणि दोन गालिच्यांमध्ये पातळ जाळीचं. मात्र जमीन व्हिनाइलची असेल तर रबर टाळा, त्याने पिवळे डाग पडतात आणि ते जात नाहीत.

महिन्यातून एकदा वरचा उचलून झटका. मधे साचलेली बारीक वाळू धागे कापते आणि लोकरीच्या गालिच्याला अशा अंधाऱ्या, न हलवलेल्या जागीच कसर लागते. झालरीवरून व्हॅक्यूमचा फिरता ब्रश नेऊ नका. तागावर पाणी सांडलं तर लगेच टिपून घ्या, उशीर झाला की तपकिरी डाग उमटतो. उन्हाने खालचा विटतो आणि झाकलेला भाग तसाच गडद राहतो, म्हणून मी वरचा दर काही महिन्यांनी थोडा सरकवते आणि खालचा अर्धा फेरा फिरवून टाकते.