आमच्या ह्यांची जीटीओ दान करताना

मिशिगनच्या गराजमध्ये ह्यांची १९६८ची पॉन्टियाक जीटीओ गाडी सहा वर्षं चादरीखाली होती. ह्यांच्या माघारी ती दान केली, म्हणून सांगते.

फोनवर गोड बोलणाऱ्या दलालाला गाडी देऊ नका. संस्थेला करमुक्त दर्जा आहे का, ते आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, संकेतस्थळावर तपासा. मग थेट विचारा: गाडी विकणार की ठेवणार? सगळी मेख इथेच आहे. लगेच विकली, तर साधारणपणे विक्रीत आलेल्या रकमेएवढीच वजावट करपात्र उत्पन्नातून मिळते. लिलावात कमी बोली लागली, तर तेवढ्यावरच समाधान. संस्था गाडी स्वतःच्या कामात खरोखर बराच काळ वापरणार असेल, तर बाजारभाव धरता येतो. मात्र तो ५,००० डॉलरच्या वर असेल, तर पात्र मूल्यांककाचा अहवाल लागतो, तोही दानाच्या ६० दिवसांहून आधीचा चालत नाही.

मूल्यांककाने आधी चेसिस नंबर पाहिला. खऱ्या ६८च्या जीटीओचा नंबर २४२ने सुरू होतो. टेम्पेस्ट या पॉन्टियाकच्याच साध्या गाडीला जीटीओचे बिल्ले लावून फिरवणारे बरेच!

टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, संस्थेचं नाव स्वतः लिहा, कोरं देऊ नका. नंबरप्लेट काढून घ्या. वजावटीसाठी संस्थेकडून १०९८-सी हा गाडी दानाचा फॉर्म मागून घ्या.

किल्लीतला गणपती मात्र मी काढून ठेवला.