जुन्या सोसायटीची वीज कशी वाचवावी : सोलरचा नंबर शेवटी

दरवर्षी सर्वसाधारण सभेत कोणीतरी उठून विचारतंच, "आपण सोलर का बसवत नाही?" मग अर्धा तास सोलरवर चर्चा होते, एक समिती नेमली जाते आणि चहा येतो. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत हे तीन वर्षं चाललं. चार मजली दोन विंग, बत्तीस फ्लॅट, बांधकाम १९९४ सालचं. चौथ्या वर्षी सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं आणि कॉमन मीटरच्या बिलांची फाइल हातात आली. महिन्याला साधारण अकराशे युनिट. ती जातात कुठे, हे मात्र एकालाही सांगता येईना.

तेव्हा आम्ही कामं ज्या क्रमाने केली तोच क्रम इथे देतोय. मधल्या काही पायऱ्या एकट्या फ्लॅटलाही लागू पडतात.

पायरी १ : आधी मीटर वाचायला शिका

महावितरणच्या बिलावर मागच्या बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो. तो एका कागदावर उतरवून काढा. उन्हाळ्यात वापर वाढत असेल तर कूलर, पंखे, एसीकडे बघायचं. बाराही महिने सारखाच असेल तर दिवे, पंप, लिफ्ट हे रोजचे खाणारे आहेत. कॉमन मीटरचं बहुतेक असंच असतं.

बिलातली दुसरी गोष्ट म्हणजे दराचे टप्पे : १०० युनिटपर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. सोसायटीच्या जिन्याचे दिवे, पंप, लिफ्ट यांना घरगुती दरच लागतो, पण मीटर एकच असल्यामुळे ५०० चा टप्पा पहिल्या पंधरा दिवसांतच ओलांडला जातो. म्हणजे वाचवलेलं प्रत्येक युनिट सगळ्यात महाग टप्प्यातलं असतं.

आता मीटरसमोर उभे राहा. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि जवळच एक आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर १२०० आहे, म्हणजे १२०० लुकलुकींना एक युनिट. रात्री दोन वाजता, पंप बंद आणि लिफ्ट थांबलेली असताना मिनिटभर मोजलं. चोवीसपेक्षा जास्तच भरल्या. चोवीस गुणिले साठ म्हणजे तासाला १४४०, भागिले १२००, म्हणजे १.२ किलोवॉट. झोपलेली इमारत तासाला सव्वा युनिट खात होती. वॉचमन बाजूला उभा राहून मोजत होता, आणि दुसऱ्या दिवशी ही बातमी माझ्याआधी त्यानेच सगळ्यांना सांगितली.

पायरी २ : दिवे

हे सोपं आहे, त्यामुळे लवकर उरका. जिना, पार्किंग आणि कंपाउंड मिळून आमच्याकडे २८ जुन्या ट्यूब होत्या. ४० वॉटची ट्यूब आणि पत्र्याच्या डबीतला जुना चोक मिळून ५२ वॉटच्या आसपास खातात. रोज बारा तास धरले तर महिन्याला सव्वापाचशे युनिट. १८ वॉटच्या एलईडी लावल्या की तेच १८० वर येतं.

एक चूक टाळा. जुन्या पट्टीत नुसती ट्यूब बदलून चोक तसाच ठेवू नका, तोही वीज खातो. इलेक्ट्रिशियनला चोक आणि स्टार्टर काढूनच घ्यायला सांगा. जिन्यात माणूस आल्यावर लागणारे सेन्सर चांगले, पण प्रत्येक मजल्यावर एक मंद दिवा कायम चालू ठेवा. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजी अंधारात पायरी चुकता चुकता वाचल्या. त्यानंतर आम्ही तो दिवा लावला.

लिफ्टच्या आतला पंखा आणि दिवा चोवीस तास चालतो का, तेही बघा. दोन्ही मिळून ८० वॉट धरले तरी एका लिफ्टचे वर्षाला सातशे युनिट होतात, तेही रिकाम्या लिफ्टमध्ये. लिफ्टवाल्याला सांगितलं तर तो काही मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय करून देतो. बहुतेक कंट्रोलरमध्ये ती असतेच, फक्त चालू केलेली नसते.

पायरी ३ : पंप, म्हणजे खरा चोर

पंपाकडे कोणी बघत नाही, कारण तो चालतो. पाणी वर जातंय ना, मग झालं! पण तो किती वीज घेऊन पाणी वर नेतो, हे मोजता येतं आणि त्याला इंजिनिअर लागत नाही.

हजार लिटर पाणी एक मीटर उचलायला कमीत कमी ०.००२७ युनिट लागतं. हा भौतिकशास्त्राचा हिशेब आहे, त्यात कोणाचं मत नाही. आता तुमच्या टाकीचं बघा.

दुपारी तीनच्या सुमारास, लोक पाणी वापरत नसताना, वरच्या टाकीचे खाली जाणारे वॉल्व्ह बंद करा. टाकीतलं पाणी जिथपर्यंत आहे तिथे भिंतीवर खडूची खूण करा. मीटरचं रीडिंग दशांशासकट लिहा आणि पंप लावा. तेवढा वेळ लिफ्ट बंद ठेवा. पाणी चढल्यावर दुसरी खूण करा आणि पुन्हा रीडिंग घ्या. टाकीची लांबी, रुंदी आणि दोन खुणांमधलं अंतर फुटांत मोजून गुणा. एका घनफुटात २८.३ लिटर. शेवटी उंची : खालच्या टाकीतल्या पाण्यापासून वरच्या पाइपच्या तोंडापर्यंत. गच्चीवरून दोरीला वजन बांधून सोडा आणि दोरी मोजा, ही मात्र मीटरमध्ये.

आमचे आकडे असे : दहा हजार लिटर, वीस मीटर, अर्धा तास, २.४ युनिट. लागायला हवं होतं दहा गुणिले वीस गुणिले ०.००२७, म्हणजे ०.५४. म्हणजे शंभरातले जेमतेम तेवीस पाण्याच्या कामी येत होते. पाइपमधलं घर्षण आणि मोटरची घट धरून छोटा पंपसेट ४० ते ५० पर्यंत नक्की जातो. तुमचा आकडा तिशीच्या खाली आला तर खर्च करण्यात अर्थ आहे.

कारणं शोधायला पंप उघडला. बिल्डरने साडेसात एचपीचा पंप बसवला होता, तोही भरपूर उंचीसाठी बनवलेला. मोठा पंप म्हणजे जोरकस पंप, ही आपल्याकडची जुनी समजूत. कमी उंचीवर असा पंप त्याच्या सोयीच्या जागेपासून दूर चालतो आणि वीज वाया घालवतो. शिवाय मोटर दोनदा रिवाइंड केलेली होती, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळलेली, आणि फूट व्हॉल्व्हची (खालच्या टाकीत पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाशी असतो तो) जाळी गाळाने अर्धी बुजलेली. जाळी साफ करणं फुकटात झालं. पंप बदलून वीस मीटरला योग्य असा तीन एचपीचा घेतला, तेव्हा तेच दहा हजार लिटर तेवढ्याच वेळात १.२ युनिटवर आलं. दुकानदार आधी पाच एचपीचाच आग्रह धरत होता. उंची आणि तासाला लागणारं पाणी कागदावर लिहून नेलं की असे आग्रह पटकन थंड होतात.

याच्या आधीचं एक काम मात्र त्याहून स्वस्त आहे. वरच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप पहाटे जाऊन बघा. तो वाहत असेल तर चढवलेलं पाणी तुम्ही विजेसकट गटारात सोडताय. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवा. मग फ्लॅटोफ्लॅटी जाऊन फ्लश टँक तपासा : टाकीत थोडी हळद टाका, अर्ध्या तासाने भांड्यात पिवळा ओघळ दिसला तर वॉशर गेलंय. आमच्या बत्तीसपैकी सात घरांत पिवळं दिसलं, त्यात एक माझं.

पायरी ४ : गच्ची

ही पायरी सगळ्यात वरच्या मजल्यासाठी, आणि खालचे सभासद इथेच हात आखडता घेतात. पण एप्रिल-मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या घरी रात्री अकरा वाजता जाऊन छताला हात लावून बघा. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपासून ती ऊब खाली सोडतो. पंखा तीच गरम हवा अंगावर ढकलतो. मग एसी येतो, आणि तो रात्रभर स्लॅबशी भांडत बसतो.

ऊन परतवणं हाच उपाय. त्याचे तीन प्रकार :

सर्वांत स्वस्त चुना. फेब्रुवारीच्या अखेरीस गच्ची झाडून धुऊन घ्या, भेगा भरा. कळीचा चुना रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा, त्यात थोडा डिंक किंवा फेविकॉल घाला आणि उन्हं उतरल्यावर दोन हात द्या, दुसरा हात पहिल्याला आडवा. चुना विझवताना उकळतो, म्हणून डोळ्यांना चष्मा आणि हाताला मोजे हवेतच. पावसात तो धुपतो, दरवर्षी करावा लागतो.

दुसरा, छतासाठीचा पांढरा रंग. हा काही वर्षं टिकतो. घेताना एसआरआय हा आकडा विचारा, म्हणजे रंग उन्हात किती थंड राहतो त्याचे गुण. त्या मोजपट्टीवर ठरावीक काळा रंग शून्यावर आणि ठरावीक पांढरा शंभरावर धरलेला असतो. विक्रेत्याला आकडा सांगता येत नसेल तर दुसरीकडे जा. धूळ बसली की गुण घटतो, म्हणून दर उन्हाळ्याआधी गच्ची धुवायची.

तिसरा, चायना मोझेक, म्हणजे पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी. पिढीभर टिकते, पण वजनदार. जुन्या इमारतीवर आधीच ब्रिकबॅट कोब्याचे, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचे, थर असतात, त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात घालू नका. पंधरा वर्षांपुढच्या इमारतीला दर पाच वर्षांनी आणि तिशीपुढच्या इमारतीला दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचंच असतं. हा प्रश्न त्याच वेळी विचारून घ्या.

गळती असेल तर आधी गळती. ओल्या स्लॅबवर मारलेला पांढरा रंग म्हणजे जखमेवर पावडर.

अहमदाबादने उष्णतेचा कृती आराखडा २०१३ मध्ये केला आणि पुढे वस्त्यांमधली छतं पांढरी करायला घेतली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं. आमच्या चौथ्या मजल्याला एवढं मोठं काही माहीत नाही. त्यांना रात्री झोप लागते, एवढंच ते सांगतात.

पायरी ५ : पश्चिमेची भिंत आणि खिडक्या

ऊन काचेतून आत आल्यावर आतला पडदा फारसं काही करू शकत नाही, कारण उष्णता घरात आलेलीच असते. ते काचेच्या बाहेर अडवा. बांबूची चीक, शेडनेट, छज्जा, काहीही चालेल. पश्चिमेकडच्या खिडकीपासून सुरुवात करा. इमारतीला रंग द्यायला परांची बांधली जाते, तेव्हाच पश्चिमेच्या भिंतीला फिका रंग आणि तुटके छज्जे दुरुस्त करून घ्या. त्यासाठी परांची दुसऱ्यांदा बांधणं परवडत नाही.

पुण्या-नाशिकसारख्या ठिकाणी उन्हाळ्यातही रात्र निवते. तिथे सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत खिडक्या बंद आणि रात्री सगळ्या उघड्या, जाळी लावून. कोकणात आणि मुंबईत हे चालत नाही. तिथे दमट हवा आहे, वारा वाहता राहिला तरच घाम सुकतो, म्हणून समोरासमोरच्या खिडक्या मोकळ्या ठेवा. नागपूर-चंद्रपूरकडच्या कोरड्या उन्हात वाळ्याचा कूलर एसीपेक्षा कितीतरी कमी विजेत काम भागवतो. तोच कूलर दादरला लावला तर घरात फक्त ओल वाढेल.

पायरी ६ : घरातली यंत्रं

जुना पंखा ७५ वॉट, बीएलडीसी (नव्या प्रकारच्या, कमी विजेवर फिरणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. बारा तास चालणाऱ्या पंख्यामागे रोज अर्धं युनिट वाचतं. सगळे एकदम बदलू नका. सगळ्यात जास्त फिरणारा आधी बदला, म्हणजे बहुधा हॉलचा. जुना रेग्युलेटर काढून सरळ जोडून घ्या, नाहीतर पंखा कुरकुर करतो आणि लोक कंपनीला शिव्या घालतात. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे, ते बघून घ्या.

एसी २०२० नंतरचा असेल तर तो चालू होतानाच २४ अंशांवर लागतो. ते १८ वर नेणारा हात आपलाच. एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. २६ वर एसी आणि मंद पंखा, हे जमतं. फ्रिजच्या दारात कागद धरून दार लावा. तो सहज निघाला तर रबर बदला.

पायरी ७ : आता सोलर

दिवे, लिफ्ट आणि पंप एवढ्यातच आमचे महिन्याचे पाचशेवर युनिट गेले. अकराशेचे सहाशेच्या आत आले. एक किलोवॉटचं पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देतं, म्हणजे महिन्याला १२०. अकराशेसाठी नऊ किलोवॉट लागले असते, आता पाच पुरतात. किलोवॉटमागे साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा धरा. टाक्या आणि डिश अँटेनांच्या गर्दीत नवाऐवजी पाच किलोवॉटला जागा शोधणं खूपच सोपं. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. पॅनेलखालचा स्लॅब सावलीत राहतो, हा वरचा नफा.

ठराव मात्र वेळेत करा. सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, तेव्हा जुलैपर्यंत तीन कोटेशन हातात हवीत. सभेत सोलरची चित्रं दाखवू नका, खडूच्या खुणा आणि दोन्ही वेळची रीडिंग दाखवा. आमचा पंपाचा ठराव दहा मिनिटांत मंजूर झाला. विरोध करणाऱ्या काकांनी एकच अट घातली : दर महिन्याच्या एक तारखेला रीडिंग नोटीस बोर्डावर लागलं पाहिजे. ते आता वॉचमन स्वतः लिहितो, आणि मागच्या महिन्यापेक्षा दहा युनिट जास्त दिसली की आधी वर जाऊन ओव्हरफ्लोचा पाइप बघून येतो.