हलकं लाकूड जाळताय? या चुका टाळा

पानमळा मोडला की पांगारा आणि शेवरीचे ढीग बांधावर येऊन पडतात. शेवग्याची छाटणी होते, वादळात सावरीची फांदी मोडते, तेही लाकूड घरच्या सरपणात जमा होतं. मग तक्रारी सुरू होतात: भसाभस जळतं, निखारा धरत नाही, डोळ्यांत धूर जातो. खोट त्या लाकडात नसते. बाभूळ किंवा ऐन-किंजळ अशी जड लाकडं जाळून हाताला जी सवय लागलेली असते, तीच आपण पांगाऱ्यावर चालवतो आणि तिथे गणित चुकतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक खरेदीतली आहे. पूर्ण वाळलेलं लाकूड बाभळीचं असो की सावरीचं, एका किलोमागे साधारण 4,500 किलोकॅलरी उष्णता देतं. जातीजातीत फरक पडतो तो थोडाच. पण बाभळीचं एक घनमीटर भरीव लाकूड वाळल्यावर 750 ते 800 किलो भरतं, सावरीचं 350 ते 400 च्या आसपास. म्हणजे टेम्पो तेवढाच भरलेला दिसला तरी सावरीत धग निम्मी. तरीही ‘एक ट्रॉली सरपण’ असा एकच भाव ठरतो आणि कोणी जात विचारत नाही. वाळलेलं हलकं लाकूड काट्यावर तोलूनच घ्या. ओलं असेल तर मात्र वजनावर मुळीच घेऊ नका, कारण तुम्ही पाण्याचे पैसे मोजता. ताज्या तोडलेल्या पांगाऱ्याच्या किंवा शेवग्याच्या लाकडात वजनाचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग पाणीच असतो. तसा माल ढिगावर, बाभळीच्या निम्म्या भावात मिळाला तरच घेण्यात अर्थ आहे.

‘हलकं आहे, पेटेल की’ म्हणून ते ओलंच चुलीत घालणं ही दुसरी चूक. निम्मं पाणी असलेल्या एक किलो लाकडात कोरडं लाकूड अर्धाच किलो. शिवाय ते अर्धा लिटर पाणी तापवून वाफ करण्यात आणखी 300 किलोकॅलरी खर्च होतात. त्याहून वाईट म्हणजे जाळ थंड पडतो, लाकडातून निघणारा वायू न जळताच धूर होऊन बाहेर येतो आणि भांड्याच्या बुडाला चिकट काजळी धरते. फुंकणीनं कितीही फुंकलं तरी हा धूर हटत नाही, त्याला लाकूड वाळवणं हाच उपाय.

वाळवतानाही एक गोष्ट हमखास चुकते. सावरीचा ओंडका सालीसकट तसाच पडू दिला तर तो वाळण्याआधी कुजायला लागतो; आतलं पांढरं लाकूड काही दिवसांतच निळसर-करडं पडतं. म्हणून तोडल्या तोडल्या फोडा. होळीच्या सुमारास मनगटाएवढ्या जाडीच्या ढलप्या करून, खाली दगड किंवा विटा ठेवून, वारा खेळेल अशा रचल्या तर आगोटीपर्यंत, म्हणजे पावसाच्या तोंडापर्यंत, छान वाळतात. वाळलं की नाही हे ओळखायला एक ढलपी खूण करून ठेवा आणि दर आठवड्याला ताणकाट्यावर लावा. वजन उतरायचं थांबलं की सरपण तयार. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून आवाजावरून ओळखणारे जाणते आहेत, पण पांगारा वाळला तरी त्याचा आवाज बाभळीइतका खणखणीत येत नाही. इथे काट्यावरच विश्वास ठेवावा.

आता भाकरीचं. तव्यावर भाकरी टाकेपर्यंत हलक्या लाकडाचा जाळ उत्तम चालतो, उलट तवा लवकर तापतो. अडचण पुढे येते. भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांवर फुगवायची, तेव्हा तिथे निखारेच नसतात, नुसती भुरभुरीत राख असते. भाकरी जाळावर धरली तर कड करपते आणि पोट कच्चं राहतं. म्हणून भाकरीच्या आधी तासभर चुलीत बाभळीचं एखादं जाड लाकूड मागे सारून ठेवा आणि पुढून पांगाऱ्याच्या ढलप्यांनी जाळ चालवा. जाळाचं काम हलक्याला, निखाऱ्याचं काम जडाला. चहा, फोडणी, पाण्याला आधण अशी झटपट कामं मात्र एकट्या हलक्या लाकडावर बिनघोर करा. तिथे बाभूळ जाळणं म्हणजे नासाडीच. डाळ रटरटवायची, हरभरे शिजवायचे किंवा बंबात घरभराच्या आंघोळीचं पाणी ठेवायचं तर एकट्या सावरीच्या भरवशावर राहू नका, दर थोड्या वेळानं उठून सारावं लागेल.

सारताना ठासून भरू नका. लवकर संपतं म्हणून एकदम सात-आठ ढलप्या कोंबल्या की हवा अडते आणि कोरडं लाकूडही धुरकटतं. दोन-तीनच ठेवा, त्यांच्यात फट राहू द्या, खालची राख ओढत राहा.

सरपणाच्या ढिगात बिब्याचं लाकूड येऊ देऊ नका. त्याचा चीक अंगावर उततो आणि धूरही बाधतो. आणि उभी काटेसावर, म्हणजे हीच सावर, सरपणासाठी तोडू नका, ही कळकळीची विनंती. उन्हाळ्याच्या तोंडाला तिच्या लाल फुलांवर मैना, बुलबुल, कोतवाल तुटून पडतात. एवढं झाड पाडून हाती येणारं सरपण बघता बघता संपतं.

पावसाळ्यातली साठवण हा शेवटचा मुद्दा. हलकं लाकूड जसं लवकर वाळतं तसंच दमट हवेत लवकर सादळतं, त्यामुळे पडवीच्या उघड्या कडेला ते ठेवू नका. दोन-चार दिवसांचं चुलीजवळ आणून ठेवा, बाकीचं वरून झाकलेलं पण बाजूनं मोकळं असू द्या. प्लास्टिकच्या कागदात चहूबाजूंनी गुंडाळलं तर आत बुरशी येते. ढिगाखाली पिठासारखी भुकटी दिसली तर भुंगेरे लागलेत असं समजा. तेवढ्या ढलप्या वेगळ्या काढून आधी जाळा आणि उरलेला ढीग घरातल्या बांबूपासून, लाकडी वाशांपासून लांब हलवा.