नाळेजवळ पट्टी तडकते, कड उचलते : माझा अनुभव

मुंबईत सागवानात बांधलेल्या, १८१७ साली पाण्यात उतरलेल्या ‘ट्रिंकोमाली’ या शिडाच्या युद्धनौकेचं मॉडेल करतोय. नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, गोलाईवर दीड मिलिमीटर जाडीची अक्रोडाची पट्टी तडकायची, नाहीतर तिची कड आतल्या सांगाड्याच्या फासळीवरून उचलायची. भिजवून पाहिली, गोंद वाढवला, टाचण्या ठोकल्या. तीन आठवडे गेले, फार जीव तुटला.

दोष रुंदीत होता. पुढे फासळ्यांचा घेर घटतो, पट्टी मात्र पाच मिलिमीटरच राहते. आता आधी पुढचं टोक निमुळतं करतो, निम्म्या रुंदीच्या खाली मात्र कधीच नाही. मग अर्धा तास कोमट पाण्यात. गरम इस्त्रीच्या टोकाने हळूहळू वाक द्यायचा. गोंद न लावता चिमट्यांनी रात्रभर फासळ्यांवर धरून ठेवायची. ओली चिकटवली तर सुकताना आकसून फट पडते. सकाळी सोडवून गोंद. एक पट्टी डावीकडे, लगेच एक उजवीकडे, नाहीतर सांगाडा पिळतो.