लेदर सीटला तेल नको, आधी मळ काढा

गाडीचं लेदर सीट चमकायला लागलं की लोकांना वाटतं छान दिसतंय, पण ती चमक बहुतेक वेळा घाम आणि अंगाच्या तेलकटपणाची असते, नवीन लेदर मुळात मॅटच दिसतं. आजकालच्या बऱ्याच गाड्यांमधे लेदरवर रंगाचा आणि वर पारदर्शक कोटिंगचा थर असतो, त्यामुळे खोबरेल, ऑलिव्ह ऑईल वगैरे चोळून काही आत मुरत नाही, उलट चिकट होऊन धूळ धरतं आणि तीच धूळ बसता उठता पॉलिश पेपरसारखी घासते. ड्रायव्हर सीटची दाराकडची उंच कड बघा, पहिली भेग तिथेच पडते कारण प्रत्येक वेळी आपण तिच्यावरूनच घसरत आत जातो.

म्हणून आधी व्हॅक्युम, शिवणीतली रेती नीट काढायची, मग लेदर क्लीनर मऊ ब्रशवर घेऊन हलक्या हाताने फेस करायचा आणि ओलसर मायक्रोफायबरने लगेच पुसायचं. सीटला बारीक भोकं असतील तर थेट स्प्रे अजिबात मारू नका, कापडावर घ्या. सॅनिटायझर, थिनर, व्हिनेगर लांबच ठेवा, रंग किंवा वरचं कोटिंग खराब होऊ शकतं. नवीन जीन्सचा निळा डाग दिसला की त्याच दिवशी पुसा, नंतर फार त्रास देतो. कुठलंही प्रॉडक्ट आधी सीटच्या खालच्या बाजूला लावून बघा. उन्हात गाडी लावताना सनशेड लावाच. आणि सीटमधे साइड एअरबॅग असेल तर वाटेल ते कव्हर चढवू नका प्लीज, एअरबॅग उघडायला जागा असलेलंच घ्या.