घर घेतलं ना भो? आता ड्राइव्हवेकडे बघा

हे मी अमळनेरला आमच्या ओट्यावर बसून लिहितोय. काल शेतात भरीत झालं. पंगतीत सुट्टीवर आलेली तीन पोरं होती. एक न्यू जर्सीत राहतो, एक ओहायोत, एक डॅलसला. तिघांनी यंदा जुनी घरं घेतली, आणि हात धुवायच्या आत तिघांचे फोन माझ्यासमोर. फोटो एकच: करडा, तडकलेला, तेलाचे डाग पडलेला काँक्रीटचा ड्राइव्हवे, म्हणजे घरासमोर गाडी लावायची जागा. प्रश्नही एकच: "काका, ह्याच्यावर ते दगडासारखं दिसणारं करून घेऊ का?"

मी बावीस वर्षं न्यू जर्सीत आहे. ह्या प्रश्नाचं चुकीचं उत्तर मी एकदा पैसे मोजून घेतलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ह्याला स्टॅम्प्ड ओव्हरले म्हणतात: जुन्या काँक्रीटवर नवा पातळ थर टाकून त्यावर दगडाचा ठसा उमटवायचा. करून घ्या. जुना स्लॅब, म्हणजे जमिनीवरचं काँक्रीट, फोडायचा, राडारोडा उचलायचा आणि नवा ओतायचा, ह्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतं. वस्तू साधी आहे. सिमेंट, बारीक वाळू आणि पॉलिमर, म्हणजे चिकटपणा देणारं रसायन. पॉलिमरमुळे अगदी पातळ थरही जुन्याला धरून राहतो. दगडाचा ठसा उमटवायचा तर थर साधारण पाव ते अर्धा इंच लागतो. ओला असताना त्यावर रबरी साचे दाबतात. साचा चिकटू नये म्हणून रंगीत पावडर भुरभुरतात, ती खाचांत अडकून राहते आणि दगड वर्षानुवर्षं वापरातला वाटतो. मी भुललो तो स्लेट दगडाच्या नक्षीला. नमुना पाहिला आणि मला आमचं इथलं अंगण आठवलं, आईने रोज धुऊन गुळगुळीत केलेली शहाबादी फरशी. परदेशात माणूस आठवणीवर पैसे खर्च करतो, तुम्हीही कराल.

आता माझी गोष्ट. 2009 सालची. घरामागचा पॅटिओ, म्हणजे बसायचं पक्कं अंगण, चारशे चौरस फूट, 4,800 डॉलर. ठेकेदार आपल्याच ओळखीतल्या एकाने सुचवलेला आणि तीन कोटेशनांत सर्वांत स्वस्त. शुक्रवारी त्याने प्रेशर वॉशरने धुतलं, शनिवारी थर टाकून ठसे उमटवले, रविवारी वरून चकचकीत सीलर, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून लावतात तो लेप, मारला आणि गेला. दिवाळीच्या फराळाला लोक आले, सगळ्यांनी तारीफ केली, दोघांनी त्याचा नंबरही घेतला. मार्चमध्ये बर्फ वितळलं. एका कोपऱ्याला भाकरीएवढा पोपडा उचललेला दिसला. मी फावड्याचं टोक खाली घातलं, तर ताटाएवढा तुकडा अलगद हातात आला. खालचं जुनं काँक्रीट घासलेल्या थाळीसारखं चकचकत होतं. आधीच्या मालकाने त्यावर सीलर मारलेला होता, आणि आमच्या ठेकेदाराने त्याच्यावरच थर टाकला होता. थराने धरावं काय?

त्या मे महिन्यात इथे आलो तेव्हा गल्लीतल्या मिस्तरींना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, फोन लांब धरला आणि म्हणाले, "टाचा मारेल नहीत भो."

एवढंच. जुन्या भिंतीवर गिलावा करायचा तर आधी टाचे मारून ती खरखरीत करतात, हे इथला शिकाऊ पोऱ्यासुद्धा जाणतो. तेच काम तिकडे यंत्राने होतं: डायमंडचं ग्राइंडर, नाहीतर बारीक पोलादी छर्रे मारणारं शॉटब्लास्ट. नुसतं धुणं म्हणजे टाचे मारणं नव्हे. ॲसिड ओतणंही नव्हे. सीलर असेल तर ॲसिड काँक्रीटपर्यंत पोचतच नाही. तासून झाल्यावर पृष्ठभाग सॅंडपेपरसारखा हाताला खरखरीत लागला पाहिजे. हात फिरवून बघा, ठेकेदाराच्या शब्दावर जाऊ नका.

कोटेशन मागवायच्या आधी दोन गोष्टी स्वतः करा, दोन्ही फुकट. पहिली, स्लॅबवर जागोजागी पाणी शिंपडा. पाणी मुरून काळपट डाग पडला तर ठीक. कमळाच्या पानावरच्यासारखे थेंब उभे राहिले तर खाली सीलर किंवा तेल आहे, ते निघालंच पाहिजे. दुसरी, हातोडीने हळू ठोकत सगळा स्लॅब फिरा. खणखणीत वाजला तर पक्का. बद्द वाजला तर खाली पोकळ आहे, तेवढा भाग काढून भरावा लागेल. आपण मडकं घेताना वाजवून घेतो, मग हजारो डॉलरचं काम न वाजवता कसं घेतो?

करारात "ग्राइंडिंग किंवा शॉटब्लास्टिंग" हे शब्द लिहून घ्या. "पृष्ठभागाची तयारी" एवढ्यावर सही करू नका. मी त्यावरच केली होती.

सगळे तडे झाकता येत नाहीत. केसासारखी, न हलणारी चीर भरता येते. पण एक बाजू वर, एक खाली असा तडा असेल तर खालची जमीन हलतेय, आणि तोच तडा वरच्या दगडातून पुन्हा डोकं काढणार. डॅलसवाल्या, हे तुझ्यासाठी. तिथल्या पट्ट्यात आपल्यासारखीच काळी, चिकण माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये आपल्या कपाशीच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या आठव. तसल्या मातीवरचा स्लॅब हलत असेल तर आधी जमिनीचा आणि पाण्याच्या निचऱ्याचा बंदोबस्त, दगडाची नक्षी नंतर. आणि स्लॅबमध्ये मुद्दाम ठेवलेले सरळ सांधे असतात, ते नव्या थरातही तिथेच कापायचे. नक्षी मोडते म्हणून बुजवले तर काँक्रीट आपली रेघ स्वतः ओढतं.

थर टाकताना हवेचं तापमान साधारण 10 ते 32 अंश सेल्सिअस असावं. त्याबाहेर काम नको.

घासताना उडणाऱ्या धुळीत सिलिका, म्हणजे वाळूतलं खनिज, असते, ती फुप्फुसात बसते. पाणी मारून किंवा व्हॅक्यूम लावूनच घासू द्या, पोरांना आत ठेवा.

ठेकेदाराबद्दल. आपले लोक कोटेशन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात, दहा जण "महाग आहे" म्हणतात, त्यातले आठ अजून अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहतात. मग आपण घासाघीस करतो. करा, पण तो भाव कमी करतो तेव्हा साचे कमी करत नाही, तासणं कमी करतो, कारण ते झाकलं जातं. न्यू जर्सीत 500 डॉलरच्या वरचं घरकाम लेखी करारावरच व्हायला हवं आणि ठेकेदाराची राज्याकडे नोंदणी लागते. नोंदणी आणि विमा, दोन्ही तपासा. कॅलिफोर्नियात तर कामाच्या 10 टक्के किंवा 1,000 डॉलर, यांतलं जे कमी असेल त्याहून जास्त आगाऊ घेता येत नाही. दुसऱ्या राज्यात असाल तरी हा हिशोब डोक्यात ठेवा. आणि "शेजारच्या कामातला माल उरलाय, स्वस्तात करून देतो" म्हणत जो दारात येतो, त्याला चहासुद्धा विचारू नका. आपल्याला पाहुण्याला परत पाठवायची सवय नाही, तिथेच फसतो.

घरमालकांची सोसायटी (एचओए) असेल तर रंग आणि नक्षीची परवानगी आधी घ्या. अमेरिकन शेजारी तोंडावर "लव्हली" म्हणतो आणि पत्र सोसायटीला पाठवतो. आमच्या गल्लीत भांडण समोर व्हायचं, संध्याकाळी मिटायचं. मला तेच बरं वाटतं.

पाय घसरू नये म्हणून वरच्या सीलरमध्ये बारीक खरखरीत भुकटी मिसळायला सांगा. चकचकीत दगडावर पाऊस पडला की आई-वडिलांच्या पहिल्याच भेटीत दवाखाना. दोन-तीन वर्षांनी सीलर पुन्हा मारावा लागतो, तेव्हाही पृष्ठभाग पूर्ण कोरडा असू द्या. ओलावा खाली अडकला की पांढरट धुकं बसतं.

काल शेवटी ओहायोवाल्याने बर्फाचं विचारलं. पाणी गोठलं की सुमारे 9 टक्के फुगतं, चिरांमध्ये ते पाचरीसारखं काम करतं, आणि मिठाने वितळलेलं बर्फाचं पाणी चिरांत शिरून पुन्हा गोठतं, म्हणून पहिल्या हिवाळ्यात मीठ नकोच, वाळू टाक, असं मी सांगितलं. त्याचे वडील केळीवाले, रावेरकडचे. मध्येच म्हणाले, "मिठाऐवजी खत टाकलं तर? अमोनियम सल्फेटच्या गोण्या आहेत घरी." नाना, तेवढं करू नका. अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट सिमेंटलाच खातात, वरचा थर भुसभुशीत होतो. नाना हसले आणि म्हणाले, मग गोण्या केळीलाच घालतो. पोरगा मात्र ताटावरून उठला, बाहेर जाऊन बायकोला फोन लावला. तिने मागच्याच आठवड्यात गॅरेजमधलं लॉनचं खत पायऱ्यांवर टाकलं होतं.